शीतगृहातील तापमानाची वायरलेस नोंद: द्राक्ष पॅकहाउसमध्ये नव्याने काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिक जिल्ह्यात जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षनिर्यातीचा हंगाम असतो. या काळात पॅकहाउसमधील प्रीकूलिंगच्या (शेतातून आलेला माल झपाट्याने थंड करण्याच्या) खोल्या आणि शीतगृह रात्रंदिवस चालू असतात, आणि दर तासाला खोलीबाहेरच्या डिस्प्लेवरचे तापमान वहीत उतरवण्याचे काम पाळीवरच्या ऑपरेटरकडे असते. मी देखभाल विभागात रुजू झालो तेव्हा अशा वह्यांचा एक गठ्ठा माझ्या ताब्यात आला. त्यांत पहाटे दोन ते पाच या वेळेतील नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत आणि एकाच आकड्याने भरलेल्या दिसत होत्या: ०.५, ०.५, ०.५. ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नव्हता. कॉम्प्रेसर, डीफ्रॉस्ट (थंड कॉइलवर धरलेला बर्फ वितळवणे) आणि कंटेनरची भरणी एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाकडून रात्रभर दर तासाला नोंद मागणेच मुळात चुकीचे होते.

तारांनी जोडलेले सेन्सर हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. परंतु चालू शीतगृहात नव्याने तारा ओढायच्या म्हणजे पफ पॅनेलला (पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंतींना) भोके पाडावी लागतात, त्या भोकांतून बाहेरची दमट हवा आत शिरते, आणि काही आठवड्यांत तेथे बर्फ धरू लागतो. शिवाय रॅक हलवले की तारा तुटतात. म्हणून आम्ही वायरलेस सेन्सरकडे वळलो. पहिल्या हंगामात आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या तुमच्या हातून होऊ नयेत, एवढ्यासाठी हे लेखन आहे. उदाहरण द्राक्षांचे असले तरी दुग्धालय, औषधांचे गोदाम किंवा मासळीचे शीतगृह यांतही पायऱ्या बहुतांशी याच राहतील.

एक मर्यादा आधीच सांगतो. ही यंत्रणा नोंदीसाठी आणि इशाऱ्यासाठी आहे. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, उच्चदाबाचा कटआउट किंवा अमोनिया गळतीचा डिटेक्टर यांपैकी काहीही बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेस सेन्सरच्या भरवशावर ठेवू नये. नियंत्रण तारेनेच चालू द्यावे.

१. नोंद कोणाला दाखवायची आहे, ते आधी ठरवा

विक्रेता सर्वप्रथम विचारतो, “किती सेन्सर हवेत?” या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नका. ही नोंद अखेरीस कोण वाचणार आहे, हे आधी कागदावर लिहा. परदेशी खरेदीदाराचा ऑडिटर वाचणार असेल, तर त्याला प्रत्येक खोलीचा अखंड आलेख, सेन्सरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र (सेन्सरचा आकडा प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्याचा दाखला) आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर काय केले याची नोंद, हे तिन्ही लागते. व्यवस्थापकाला केवळ वीजबिल कमी करायचे असेल, तर तापमानापेक्षा दार किती वेळ उघडे राहिले आणि कॉम्प्रेसर किती वेळ चालला हे अधिक उपयोगी पडते. देखभाल विभागाला इव्हॅपोरेटरवर (खोलीतील हवा थंड करणाऱ्या कॉइलवर) बर्फ कधी धरतो ते हवे असते.

आमच्या बाबतीत आकडे ठरलेले होते. शेतातून ३० अंशांच्या वर तापमान असलेला माल येतो. प्रीकूलिंगमध्ये साधारण सहा ते आठ तासांत घडातील मण्यांचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या खाली आणायचे, आणि नंतर साठवणुकीच्या खोलीत ० ते १ अंश तापमान व ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखायची. येथे मोजायचे आहे ते मण्यांचे तापमान, आणि भिंतीवरचा सेन्सर मोजतो ते हवेचे. या दोहोंतील फरक ज्याला पहिल्याच दिवशी कळला, त्याचे निम्मे काम सोपे झाले असे समजावे.

२. खोलीचा तापमान-नकाशा काढा

खोलीत सगळीकडे तापमान सारखे नसते. इव्हॅपोरेटरच्या पंख्यासमोर ते सर्वांत कमी असते, आणि दाराजवळ, छताखाली तसेच पंख्यापासून लांबच्या खालच्या कोपऱ्यात ते जास्त असते. कायमचे सेन्सर कोठे बसवायचे हे अंदाजाने न ठरवता, स्वस्तातले स्वतंत्र डेटा लॉगर (तापमान मोजून आपल्याच स्मृतीत नोंद ठेवणारी छोटी उपकरणे) उसने किंवा भाड्याने घेऊन ते खोलीभर टांगावेत आणि दोन-तीन दिवस दर पाच मिनिटांनी नोंद घेऊ द्यावी. ही मोजणी एकदा रिकाम्या खोलीत आणि एकदा भरलेल्या खोलीत करावी, कारण पॅलेट लागल्यावर हवेचे मार्ग बदलतात.

प्रत्येक लॉगरची जागा खोलीच्या आराखड्यावर क्रमांकासह आणि जमिनीपासूनच्या उंचीसह लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांनंतर जो लॉगर सातत्याने सर्वांत उष्ण आणि जो सर्वांत थंड निघेल, त्या दोन जागा कायमच्या सेन्सरसाठी पक्क्या करा. परत येणाऱ्या हवेच्या मार्गात तिसरा सेन्सर ठेवावा, आणि एक प्रोब (तारेच्या टोकाला असलेली तापमान मोजणारी सळई) पेटीतील घडात खुपसण्यासाठी मोकळा ठेवावा. आमच्या साठवणुकीच्या खोलीला एवढे चार पुरले. विक्रेत्याने सुचवले होते बारा.

थंड जागेकडे दुर्लक्ष करू नका. सर्वांचे लक्ष उष्णतेकडे असते, पण पंख्यासमोरच्या पॅलेटमध्ये तापमान उणे दोन अंशांकडे सरकले, तर हिरव्या देठांना आणि मण्यांना गारठ्याची इजा होते, आणि ती माल बाहेर काढेपर्यंत दिसत नाही.

३. सेन्सर आणि प्रोब निवडताना

शून्य ते एक अंशाची मर्यादा पाळायची असेल, तर अर्धा अंश चूक असलेला सेन्सर कामाचा नाही. हौशी प्रकल्पांत सर्रास वापरला जाणारा डीएस-१८बी-२० हा डिजिटल सेन्सर उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान अधिक-उणे ०.५ अंश अचूकतेचा असतो, शिवाय बाजारात त्याच्या नकलाही पुष्कळ आहेत. पीटी-१०० जातीच्या प्लॅटिनम प्रोबची अचूकता शून्य अंशावर ‘अ’ वर्गात अधिक-उणे ०.१५ आणि ‘ब’ वर्गात अधिक-उणे ०.३ अंश असते. आम्ही ‘अ’ वर्ग घेतला.

पीटी-१०० घेताना तारांची संख्या विचारा. या प्रोबचा रोध शून्य अंशावर १०० ओहम असतो आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. दोन तारांच्या जोडणीत तारेचा जाऊन-येऊन एकूण रोध १ ओहम जरी भरला, तरी तापमान सुमारे २.६ अंशांनी जास्त दिसते. म्हणून तीन किंवा चार तारांचीच जोडणी घ्यावी. आमच्याकडे बसवायला आलेल्या माणसाने तारा कमी पडल्या म्हणून तीनपैकी दोनच जोडल्या आणि तिसऱ्या टर्मिनलला पूल मारला. खोली उगाचच दीड अंशाने गरम दिसत राहिली आणि ऑपरेटर कॉम्प्रेसरवर ओरडत राहिला.

आता द्राक्षांच्या शीतगृहातील खास अडचण. पेटीत ठेवलेल्या ग्रेप गार्डच्या कागदातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. बुरशी रोखण्यासाठी तो आवश्यकच आहे, पण ९५ टक्के आर्द्रतेत तो पाण्यात मिसळून आम्लधर्मी होतो आणि उघडे तांबे, सोल्डरचे जोड व बॅटरीच्या पट्ट्या खाऊ लागतो. म्हणून सेन्सरचा डबा किमान आयपी-६५, शक्यतो आयपी-६७ दर्जाचा (धूळ व पाणी रोखण्याची प्रतवारी) असावा, प्रोब स्टेनलेस स्टीलच्या नळीतील असावा, आणि सर्किट बोर्डवर संरक्षक लेप आहे की नाही हे लेखी विचारावे. डब्याचा दर्जा कागदावर कितीही चांगला असला, तरी केबल ग्लँड (तार डब्यात शिरते तेथील पाणी रोखणारा जोड) नीट आवळलेली नसेल तर तो शून्य होतो. ग्लँडचे तोंड खाली ठेवावे आणि तारेला डब्यात शिरण्याआधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते.

आर्द्रतेच्या सेन्सरकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यावर दव धरले की तो बराच काळ १०० टक्क्यांवर अडकून बसतो, आणि सल्फर डायऑक्साइडमुळे त्याचे आयुष्यही कमी होते. खोलीला एकच आर्द्रता सेन्सर घ्या, त्याचे टोक बदलता येण्याजोगे असेल असे पाहा, आणि ते दर हंगामाला बदलण्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा.

तुमच्याकडे अमोनियाचा प्लांट असेल, तर कॉम्प्रेसरच्या खोलीत साधा सेन्सर लावू नका. अमोनिया तांबे आणि पितळ खातो, आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण १५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान असताना ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तेथील उपकरणांचा निर्णय सुरक्षा अधिकाऱ्याने घ्यायचा असतो.

४. रेडिओचा प्रकार आणि कायदा

वायफाय, ब्लूटूथ, झिगबी, वायरलेस-हार्ट, लोरावॅन (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) आणि मोबाइल नेटवर्कवरचा एनबी-आयओटी अशी अनेक नावे तुमच्या कानावर पडतील. मोठ्या रासायनिक कारखान्यांत वायरलेस-हार्ट चांगले रुजले आहे, पण पॅकहाउससाठी ते महाग पडते. वायफायचे सेन्सर बॅटरीवर फार दिवस टिकत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांतून एकदा काही आकडे पाठवायचे, अंतर शे-दोनशे मीटरचे, आणि मध्ये धातूच्या भिंती, अशा कामाला आमच्या अनुभवात लोरावॅन बरे ठरले. हा माझा कल आहे. तुमच्या कार्यालयात आधीपासून दुसरी यंत्रणा नीट चालत असेल, तर केवळ या लेखामुळे ती बदलू नये.

भारतात या कामासाठी परवान्याविना वापरता येणारा पट्टा २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ असा होता आणि २०२१ मध्ये तो ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आला. ऑनलाइन बाजारात मिळणारी स्वस्त उपकरणे मात्र पुष्कळदा युरोपच्या किंवा अमेरिकेच्या पट्ट्यासाठी बनवलेली असतात. युरोपच्या योजनेतील मूळ तीन वाहिन्या ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ मेगाहर्ट्झवर आहेत, म्हणजे आपल्या मर्यादेच्या बाहेर. अमेरिकेचा पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा आहे, आणि त्याचा काही भाग आपल्याकडे मोबाइल फोनच्या वाट्याला गेलेला आहे. असे उपकरण वापरणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्याचा अँटेनाही वेगळ्या वारंवारितेसाठी कापलेला असतो. भारतीय योजनेतील मूळ वाहिन्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ या आहेत. सेन्सर आणि गेटवे (सेन्सरचे संदेश घेऊन सर्व्हरकडे पाठवणारे उपकरण) या दोहोंच्या सेटिंगमध्ये हेच आकडे दिसतात का, ते स्वतः पाहा. दोघांत तफावत असेल, तर दिवा लुकलुकत राहतो, सेन्सर आपले काम करत असल्यासारखा दिसतो, आणि सर्व्हरवर एक अक्षर पोहोचत नाही.

परवाना लागत नसला तरी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची प्रकार-मान्यता असावी लागते. तिला व्यवहारात ईटीए म्हणतात. ती मिळवणे हे उत्पादकाचे किंवा आयातदाराचे काम आहे, पण प्रमाणपत्राची प्रत मागून घेणे आणि त्यावरील मॉडेल क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहणे हे तुमचे काम आहे.

५. खरेदीआधी जमवायची कागदपत्रे आणि हत्यारे

कागदपत्रे:
- खोल्यांचा मोजमापांसह आराखडा, त्यावर दारे, इव्हॅपोरेटर आणि रॅक दाखवलेले
- तापमान-नकाशाचे निष्कर्ष
- प्रत्येक मॉडेलचे ईटीए प्रमाणपत्र
- प्रत्येक प्रोबचे, त्याच्या अनुक्रमांकासह, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र
- प्रत्येक सेन्सरचे ओळखक्रमांक आणि गुप्त कळा (नेटवर्कला ओळख पटवणारे सांकेतिक आकडे) यांची यादी
- डेटा कोणाच्या मालकीचा आणि करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात परत मिळेल, याचे लेखी कलम

हत्यारे: कॅलिब्रेट केलेला संदर्भ-थर्मामीटर, मल्टिमीटर, मोठ्या तोंडाचा थर्मास, स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या व नायलॉन टाय, पाण्याने न पुसणारे लेबल, आणि गेटवेसाठी छोटा यूपीएस.

कागदपत्रांतील शेवटचे कलम मागितल्यावर आमच्या एका विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. त्यावरून जे समजायचे ते आम्ही समजलो.

६. गेटवेची जागा: येथे सर्वांत जास्त वेळ द्या

पफ पॅनेल म्हणजे दोन पोलादी पत्र्यांमध्ये भरलेला फोम. रेडिओच्या दृष्टीने शीतगृहाची खोली ही बंद पत्र्याची पेटी असते. आत बसवलेल्या सेन्सरचा संदेश बाहेर पडतो तो मुख्यतः दाराच्या गॅस्केटमधून आणि पाइप-केबलसाठी ठेवलेल्या फटींतून. माहितीपत्रकावर लिहिलेले ‘दहा किलोमीटर’ हे मोकळ्या माळरानावरचे असतात.

आम्ही डिसेंबरमध्ये गेटवे कार्यालयात ठेवला, रिकाम्या खोल्यांत सहा सेन्सर लावले, सहाही बोलू लागले, आणि आम्ही पेढे वाटले. फेब्रुवारीत खोल्या भरल्या आणि सहापैकी चार सेन्सर गप्प झाले. कारण साधे होते: द्राक्षात बहुतांश पाणीच असते, आणि पाण्याने भरलेल्या पेट्यांची रास रेडिओलहरी शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा परिणाम आणखी तीव्र असतो. म्हणून पोहोच तपासण्याची चाचणी भरलेल्या खोलीत, दार पूर्ण बंद करून घ्यावी. माल उपलब्ध नसेल तर निदान पाण्याने भरलेले कॅन पॅलेटवर रचून घ्यावेत.

चाचणी अशी करावी. गेटवे शक्यतो अँटीरूममध्ये, म्हणजे सर्व खोल्यांची दारे ज्या मधल्या भागात उघडतात तेथे, छताजवळ ठेवा. सेन्सर ठरलेल्या जागी टांगा, दार बंद करा आणि किमान शंभर संदेश जाऊ द्या. मग सर्व्हरवर तीन गोष्टी पाहा: शंभरपैकी किती पोहोचले, सिग्नलची ताकद किती डीबीएम आहे, आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, म्हणजे एसएनआर. उणे ११० डीबीएमपेक्षा सिग्नल क्षीण असेल तर ती जागा मी पक्की मानत नाही, जरी त्या दिवशी शंभर टक्के संदेश पोहोचले असले तरी. हंगामात परिस्थिती बिघडतेच, सुधारत नाही.

सिग्नल क्षीण झाला की लोरावॅनचा सेन्सर आपोआप संथ वेगावर जातो. वेगाच्या या पायऱ्यांना स्प्रेडिंग फॅक्टर म्हणतात आणि त्या ७ ते १२ असतात. वीस बाइटांचा संदेश एसएफ-७ वर सुमारे ७० मिलिसेकंदांत जातो, तोच एसएफ-१२ वर सुमारे १.८ सेकंद घेतो. म्हणजे हवेतील वेळ पंचवीस पट, आणि प्रक्षेपणासाठी लागणारी वीजही तितकीच. प्रक्षेपणाचा प्रवाह ४० मिलिअँपिअर धरला आणि दर दहा मिनिटांनी एक संदेश पाठवला, तर एसएफ-१२ वर केवळ प्रक्षेपणासाठी दिवसाला सुमारे २.९ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. एसएफ-७ वर ०.१२ देखील होत नाहीत. ‘बॅटरी पाच वर्षे चालेल’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा कोणत्या एसएफवर, असे त्याला विचारावे.

उपाय म्हणून अँटेना पत्र्याला चिकटवू नका. पत्र्यापासून निदान वीतभर अंतर ठेवा आणि सेन्सर व गेटवे दोन्हींचे अँटेना उभे ठेवा. तरीही जमले नाही, तर दुसरा गेटवे घ्यावा किंवा सध्याच्या केबलच्या फटीतून गेटवेचा अँटेना खोलीत न्यावा आणि फट पुन्हा फोमने बुजवावी. सेन्सरची प्रक्षेपणशक्ती वाढवत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

७. बॅटरी आणि वीज

साध्या अल्कलाइन सेलची क्षमता शून्य अंशाच्या आसपास बरीच घटते. म्हणून ३.६ व्होल्टचे लिथियम थायोनिल क्लोराइड जातीचे सेल वापरावेत. ते पुन्हा चार्ज करता येत नाहीत. कोणी उत्साहाने चार्जरला लावल्यास ते फुटू शकतात, ही सूचना कपाटावर चिकटवा. हे सेल बराच काळ पडून राहिले की आत एक थर धरतो आणि पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी व्होल्टेज अचानक खाली येते. नवा सेल घालूनही सेन्सर चालू होत नसेल, तर त्याला लगेच सदोष ठरवू नका. सेलवर काही काळ हलका भार ठेवला की बहुधा तो थर मोडतो.

गेटवे आणि राउटर यांना यूपीएस अपरिहार्य आहे. वीज गेली की जनरेटर चालू होईपर्यंतची काही मिनिटे हीच ऑडिटरला सर्वांत आधी पाहायची असतात.

८. वेळ, साठवण आणि नोंदीतील भगदाडे

नोंदीत भगदाड पडू नये यासाठी साठवण दोन जागी असावी. सेन्सर किंवा गेटवे यांपैकी निदान एकात अशी स्मृती हवी की इंटरनेट बंद असताना नोंदी तेथे थांबतील आणि जोडणी परत आल्यावर मूळ वेळेसह पुढे जातील. विक्रेता ‘हो’ म्हणतो. तुम्ही चाचणी घ्या. राउटरची तार दोन तास काढून ठेवा, परत जोडा, आणि आलेखात त्या दोन तासांचे बिंदू भरून येतात का ते पाहा. मग गेटवेचीच वीज काढून हीच चाचणी पुन्हा करा. पुष्कळ यंत्रणा पहिल्या चाचणीत उत्तीर्ण होतात आणि दुसरीत नापास, कारण गेटवेच बंद असेल तर नोंद सेन्सरमध्येच थांबायला हवी, आणि तशी सोय प्रत्येक सेन्सरमध्ये नसते.

वेळेचा घोळ हा दुसरा सापळा. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळ धरतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. काही उपकरणांत केवळ पूर्ण तासांचाच फरक टाकता येतो, मग नोंद अर्ध्या तासाने सरकते आणि दार उघडल्याची वेळ तापमानाच्या उसळीशी जुळत नाही. पहिल्याच दिवशी एक प्रोब हातात धरून गरम करा, घड्याळातील वेळ लिहा, आणि ती उसळी आलेखात व निर्यात केलेल्या फाइलमध्ये त्याच मिनिटाला दिसते का ते ताडून पाहा. पडद्यावर बरोबर आणि फाइलमध्ये चूक, असे आम्ही पाहिले आहे.

लोरावॅनच्या सेन्सरची नेटवर्कशी जोडणी दोन प्रकारे होते. एका प्रकारात, ज्याला ओटीएए म्हणतात, सेन्सर दरवेळी नव्याने ओळख पटवतो. दुसऱ्यात, म्हणजे एबीपीत, कळा कायमच्या भरलेल्या असतात. एबीपीत बॅटरी बदलल्यावर काही सेन्सरचा संदेश-गणक शून्यावर जातो आणि सर्व्हर पुढचे सारे संदेश जुने समजून टाकून देतो. सेन्सर निरोगी, बॅटरी नवी, आणि नोंद मात्र नाही. त्यामुळे ओटीएएचाच आग्रह धरावा.

९. कॅलिब्रेशन स्वतः पडताळा

आम्हाला मिळालेल्या पहिल्या प्रमाणपत्रांवर २५ आणि ५० अंश हे दोनच बिंदू होते. कागद खरा, शिक्का खरा, पण आमचे काम शून्यावर चालते. मागणीपत्रातच ‘उणे ५, ० आणि १० अंशांवर कॅलिब्रेशन’ असे स्पष्ट लिहा.

दर महिन्याला बर्फाची चाचणी घरीच करता येते. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ करून तो बारीक कुटावा, थर्मास त्याने गच्च भरावा, आणि फटी भरतील एवढेच डिस्टिल्ड पाणी ओतावे. बर्फ तळापर्यंत असला पाहिजे. वर बर्फ तरंगतो आणि खाली नुसते पाणी असेल, तर तळाशी तापमान शून्याच्या वर असते. प्रोब मधोमध, बाजूला न टेकता धरावा आणि पंधरा मिनिटे थांबून आकडा लिहावा. तो अधिक-उणे ०.३ अंशाच्या बाहेर असेल, तर प्रोब प्रयोगशाळेकडे पाठवतो, असा आमचा नियम आहे. बर्फाच्या कारखान्यातील लादी वापरू नका. त्या पाण्यातील क्षारांमुळे गोठणबिंदू खाली सरकतो.

आर्द्रतेसाठी मिठाचा उपयोग होतो. शुद्ध सोडियम क्लोराइडच्या ओल्या लगद्यावर बंद बरणीतील हवेची आर्द्रता २५ अंशांवर सुमारे ७५ टक्के राहते. सेन्सर लगद्याला न टेकवता रात्रभर बरणीत ठेवावा आणि सकाळी आकडा पाहावा.

१०. इशारे: थोडे आणि खरे

डीफ्रॉस्टच्या वेळी इव्हॅपोरेटरजवळची हवा काही अंशांनी तापतेच. भरणी चालू असताना दार उघडे असतेच. अशा प्रत्येक वेळी फोन वाजू लागला, की आठवड्याभरात सगळे तो क्रमांक मूक करून टाकतात, आणि खरा बिघाड होतो तेव्हा कोणी जागे होत नाही. म्हणून मर्यादेला कालावधी जोडावा. आमच्याकडे उष्ण बाजूचा इशारा २ अंशांच्या वर सलग तीस मिनिटे राहिल्यास वाजतो, आणि थंड बाजूचा उणे १ अंशाच्या खाली सलग दहा मिनिटे राहिल्यास. सेन्सर पाऊण तास गप्प राहिला, तर त्याचाही स्वतंत्र इशारा हवा. तो बहुतेक यंत्रणांत मुळातून बंद ठेवलेला असतो, तो शोधून चालू करावा.

एसएमएसवर विसंबणार असाल, तर भारतात अशा संदेशांचे मथळे आणि मजकुराचे साचे डीएलटी व्यवस्थेत (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत) आधी नोंदवावे लागतात, हे लक्षात ठेवा. मजकुरात नंतर एखादा शब्द बदलला तरी संदेश वाटेतच अडतो आणि यंत्रणा मात्र ‘पाठवला’ असे दाखवते. ऑपरेटरच्या खोलीत तारेने जोडलेला एक सायरन असावाच. प्रत्येक इशाऱ्यावर काय केले ते लिहिण्यासाठी वही ठेवा; त्या जुन्या वह्यांचा खरा उपयोग आता तेथे होतो.

११. हंगाम संपल्यावर

मे महिन्यात खोल्या बंद होतात तेव्हा सेन्सर तसेच लटकत ठेवू नका. थंड खोलीतून काढलेला डबा बाहेरच्या उन्हाळ्यात लगेच उघडला, तर आतल्या बोर्डावर दव धरते. म्हणून तो पिशवीत बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मग उघडावा. ग्लँड, गॅस्केट आणि बॅटरीच्या पट्ट्या तपासाव्यात, हिरवट-काळे डाग दिसल्यास तो सेन्सर वेगळा काढावा. संपूर्ण हंगामाची नोंद फाइलच्या स्वरूपात काढून दोन ठिकाणी ठेवावी, केवळ विक्रेत्याच्या सर्व्हरवर नव्हे. प्रोब कॅलिब्रेशनसाठी जूनमध्येच पाठवावेत, कारण डिसेंबरमध्ये सगळ्यांनाच घाई असते. आणि प्रत्येक डब्यावर खोली, जागा आणि उंची यांचे लेबल चिकटवून मगच तो कपाटात ठेवावा, म्हणजे पुढच्या हंगामात सेन्सर टांगणारा माणूस नवा असला तरी दाराजवळचा सेन्सर पंख्यासमोर जाणार नाही.